हवा वाढवली आणि गाळ बिघडला: एका एरोबिक डायजेस्टरचं प्रकरण

एका सांडपाणी शुद्धीकरण केंद्राच्या तक्रारी तीन होत्या. एरोबिक डायजेस्टरमधला, म्हणजे हवा सोडून जंतूंकरवी गाळ पचवणाऱ्या टाकीतला, गाळ खाली बसेना, गाळातलं पाणी काढणाऱ्या सेंट्रिफ्यूजला गुठळ्या बांधणारा पॉलिमर जवळपास दुप्पट लागू लागला, आणि टाकीवर जमणाऱ्या तपकिरी थराला घाण वास येऊ लागला. केंद्रावर सगळ्यांचं निदान एकच होतं: हवा कमी पडतेय. म्हणून हवा पुरवणारा राखीव ब्लोअरही चालू करण्यात आला आणि त्यानंतर गाळ आणखीच बिघडला.

हे प्रकरण तपशिलात मांडतोय, कारण गाळाचा वास आला की हवा वाढवायची ही सवय आपल्या कामात फार खोलवर रुजलेली आहे. बऱ्याच वेळा ती बरोबरही ठरते. इथे मात्र तिनेच घोटाळा वाढवला. खरा दोष शोधायला कुठलंही महागडं उपकरण लागलं नाही. नोंदवहीतले आकडे एकमेकांशेजारी ठेवून पाहणं तेवढं पुरलं.

केंद्राची रचना साधी आहे. प्राथमिक निवळण टाकी नाही, त्यामुळे डायजेस्टरला येतो तो फक्त ॲक्टिव्हेटेड स्लजचा, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या जंतूंचा, जादा गाळ. तो रोज साधारण ६७ घनमीटर असतो आणि त्यात घन पदार्थ ०.९ टक्के. कोरड्या वजनात हे ६०० किलो होतात आणि त्यातले ७६ टक्के सेंद्रिय असतात. डायजेस्टर एकच आहे, ८०० घनमीटरचा. नुसता भागाकार केला तर गाळ टाकीत बाराच दिवस राहील, आणि एवढ्यात पचन पुरं होत नाही. म्हणून रोज काही तास हवा बंद ठेवून गाळ बसू द्यायचा, वरचं पाणी डिकँट करून मुख्य प्रक्रियेकडे परत पाठवायचं, अशी पद्धत होती. यामुळे टाकीतला गाळ २ टक्क्यांपर्यंत घट्ट व्हायचा. म्हणजे टाकीत १६ टन घन पदार्थ, बाहेर रोज सव्वाचारशे किलोच्या आसपास, आणि गाळाचं वय, म्हणजे तो टाकीत राहण्याचा सरासरी काळ, सुमारे ३८ दिवस. टाकीतलं तापमान २६ अंश सेल्सियसच्या आसपास असतं, तेव्हा एवढे दिवस भरपूर झाले.

या हिशेबात एक गोष्ट ठळकपणे दिसते. या डायजेस्टरचा सगळा डोलारा गाळ बसण्यावर उभा आहे. गाळ बसला नाही तर डिकँट होत नाही, डिकँट झालं नाही तर गाळ पातळ राहतो, आणि पातळ राहिला की त्याचं वय कमी होऊन तो अर्धाकच्चा बाहेर पडतो. आम्ही पाहिलं तेव्हा टाकीत घन पदार्थ जेमतेम १.१ टक्के उरले होते आणि गाळाचं वय सतरा-अठरा दिवसांवर आलं होतं. म्हणजे पचन अपुरं का हे कळत होतं. गाळ बसेना का, ते अजून कळायचं होतं.

हवा खरंच कमी होती का?

पहिली तपासणी याचीच केली. पाळीतल्या ऑपरेटरांनी टाकीच्या कडेला, वरच्या वर डीओ (पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन) घेतला होता, म्हणून आम्ही मध्यभागी, कोपऱ्यांत आणि तळाजवळ पुन्हा घेतला. कुठेही ४.८ मिलिग्रॅम प्रति लिटरपेक्षा कमी भरला नाही. बहुतेक ठिकाणी ५.५ होता. एरोबिक डायजेस्टरला १ ते २ पुरतात. गाळाला गरज असती आणि हवा कमी पडत असती, तर ऑक्सिजन पाण्यात असा शिल्लक राहिलाच नसता.

मग हवा बंद करून घड्याळ लावलं. डीओ शून्याजवळ यायला पंचवीस मिनिटं लागली. भरल्या डायजेस्टरमधला जिवंत गाळ एवढा ऑक्सिजन दहा मिनिटांच्या आत संपवतो. याचाच आकडा काढला तर तासाला लिटरमागे १३ मिलिग्रॅम ऑक्सिजन येतो. तो घन पदार्थांच्या ग्रॅममागे मोजून २० अंशांवर आणला की एसओयूआर, म्हणजे गाळाचा ऑक्सिजन वापरण्याचा विशिष्ट वेग, ०.९ भरतो. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या १९९३ च्या नियमांत, म्हणजे पार्ट ५०३ मध्ये, एरोबिक गाळ स्थिर झाला हे दाखवण्यासाठी एसओयूआर १.५ किंवा त्याहून कमी असावा अशी कसोटी आहे. जगभर ती वापरतात. या कसोटीवर हा गाळ सहज पास होत होता, आणि केंद्राच्या मासिक अहवालात तसं लिहिलंही होतं.

पण त्याच अहवालात, दोन ओळी खाली, सेंद्रिय घटकाचे आकडे होते. आत येताना ७६ टक्के, बाहेर जाताना ७१. व्हॅन क्लीक सूत्रात घातले तर सेंद्रिय पदार्थांची घट २२ टक्के येते. त्याच नियमांतली दुसरी कसोटी ३८ टक्क्यांची आहे. सगळाच गाळ ती गाठतो असं नाही. मुख्य टाकीतच बरंच पचून आलेला गाळ ३८ पर्यंत जात नाही, आणि त्यासाठी नियमांतच वेगळी वाट आहे: नमुना प्रयोगशाळेत २० अंशांवर आणखी ३० दिवस हवेत ठेवायचा आणि तो पुढे १५ टक्क्यांपेक्षा कमी घटला तर स्थिर मानायचा. पण हेच केंद्र पूर्वी ३७-३८ टक्के घट देत होतं. तेव्हा २२ हा आकडा या गाळाचा स्वभाव म्हणून सोडून देता येत नव्हता.

एक कसोटी म्हणते गाळ शांत झाला, दुसरी म्हणते पचलाच नाही. दोन्ही मोजमापं बरोबर असतील, तर अर्थ एकच निघतो: गाळात खायला अजून पुष्कळ आहे, पण खाणारे गप्प बसलेत. कमी एसओयूआर हा पचन पूर्ण झाल्याचा पुरावा तेव्हाच असतो, जेव्हा जंतू सुस्थितीत असतात. विषबाधा झालेला गाळही तेवढाच शांत दिसतो.

पीएचचा रकाना

नोंदवहीत पीएचचा रकाना होता, पण तो आठवड्यातून एकदा भरला जायचा आणि त्याकडे कुणी बघत नव्हतं. चार महिन्यांत तो ६.८ वरून ५.२ वर आला होता. अल्कॅलिनिटी, म्हणजे आम्ल झेलून पीएच टिकवण्याची पाण्याची ताकद, २० मिग्रॅ/लिपेक्षा कमी, म्हणजे नसल्यातच जमा.

सूक्ष्मदर्शकाखाली जे दिसलं ते याच्याशी जुळणारं होतं. गुठळ्या बारीक, फुटलेल्या. मधल्या पाण्यात सुटे कण. निरोगी गाळात दिसणाऱ्या सूक्ष्म प्राण्यांपैकी सिलिएट क्वचित एखादा, रोटिफर नाहीतच. आणि जाडसर, फांद्या फुटलेले बुरशीचे धागे. पीएच ६ च्या खाली गेला की जिवाणूंपेक्षा बुरशीला ते वातावरण जास्त मानवतं. तिचं जाळं गाळ सैल ठेवतं.

विषारी सांडपाणी आलं असावं ही शंका तिथल्या अनुभवी लोकांनी काढली, आणि ती तपासणं भागच होतं. मुख्य वायुवीजन टाकीत नायट्रिफिकेशन (जंतूंनी अमोनियाचं नायट्रेट करणं) व्यवस्थित चालू होतं, आणि विष आलं असतं तर नायट्रिफाय करणारे जंतू सगळ्यांत आधी कोलमडले असते. तरी खात्रीसाठी डायजेस्टरचा नमुना घेतला, सोडियम बायकार्बोनेट घालून पीएच ७ वर आणला, काही तास हवेत ठेवला आणि एसओयूआर पुन्हा मोजला. तो २.३ आला. यातला काही वाटा नायट्रिफिकेशनचा असणार, म्हणून दुसऱ्या नमुन्यात ॲलिलथायोयुरिया घालून ते थांबवलं, तरी १.७ भरला. म्हणजे जंतू मेलेले नव्हते. आम्लतेने त्यांचं काम थांबलेलं होतं. ही चाचणी करायला अर्धा दिवस पुरतो, आणि कमी एसओयूआरवर विश्वास ठेवण्याआधी ती करावी असं माझं ठाम मत आहे.

आम्ल आलं कुठून?

हा या प्रकरणाचा गाभा. एरोबिक पचनात जंतू स्वतःचं शरीर जाळतात. पेशीत नायट्रोजन साधारण १२ टक्के असतो, तो अमोनियाच्या रूपात सुटतो. सुटताना प्रत्येक ग्रॅम नायट्रोजनमागे ३.५७ ग्रॅम अल्कॅलिनिटी मिळते, कॅल्शियम कार्बोनेटच्या मापाने. पुढे हवा असेल तर या अमोनियाचं नायट्रेट होतं आणि त्यात ग्रॅममागे ७.१४ ग्रॅम अल्कॅलिनिटी खर्च होते. कमाई ३.५७ आणि खर्च त्याच्या दुप्पट. त्यामुळे बाहेरून काही मिळालं नाही तर निम्म्या अमोनियाचं नायट्रेट होईपर्यंतच अल्कॅलिनिटी पुरते. मग पीएच कोसळतो आणि उरलेला अमोनिया तसाच पडून राहतो.

कागदावरचा हिशेब टाकीत खरा ठरतो का, हे पाहण्यासाठी गाळाचं गाळलेलं पाणी तपासलं. रोज ४५६ किलो सेंद्रिय पदार्थ येतात, त्यातले २२ टक्के म्हणजे १०० किलो नष्ट होतात, त्यातून १२ किलो नायट्रोजन सुटतो. ६७ घनमीटरमध्ये हे लिटरमागे १८० मिलिग्रॅम झाले. आत येणाऱ्या गाळाच्या पाण्याची स्वतःची अल्कॅलिनिटी १५० होती. ती धरली तर जेमतेम ११० मिलिग्रॅम नायट्रोजनचं नायट्रेट व्हायला हवं आणि ७० अमोनिया उरायला हवा. प्रयोगशाळेचे आकडे याला इतके चिकटून आले की आणखी काही शोधायची गरज राहिली नाही. नायट्रेट आणि अमोनिया दोन्ही भरपूर, आणि अल्कॅलिनिटी शून्याजवळ: हे तिन्ही एकत्र दिसले की डायजेस्टर अल्कॅलिनिटीवाचून अडला आहे, हे समजावं.

मग आधी असं का होत नव्हतं? चार महिन्यांपूर्वी टाकीच्या तळातून हवा सोडणारे जुने जाड बुडबुड्यांचे डिफ्युझर काढून बारीक बुडबुड्यांचे बसवले होते. कारण अगदी पुस्तकी आणि योग्य होतं: जुन्यांवर डीओ ०.५ च्या वर क्वचितच जायचा. हवा मात्र तेवढीच ठेवली, मिनिटाला २० घनमीटर. त्या खोलीवर जाड बुडबुड्यांतून गाळात विरघळायचा तो ऑक्सिजन ढोबळ मानाने ४ टक्के, म्हणजे दिवसाला ३२० किलो. बारीक बुडबुड्यांनी तो दुपटीहून जास्त झाला. नष्ट होणाऱ्या प्रत्येक किलो सेंद्रिय पदार्थाला नायट्रिफिकेशन धरून साधारण २ किलो ऑक्सिजन लागतो. डायजेस्टर नीट चालताना ही गरज जुन्या पुरवठ्याइतकीच, साडेतीनशेच्या आतबाहेर होती. म्हणजे जुनी यंत्रणा कशीबशी पुरत होती, आणि त्या टंचाईतच टाकीत ऑक्सिजन नसलेले कोपरे आणि क्षण सतत तयार होत. तिथे नायट्रेटमधला ऑक्सिजन वापरून जंतू त्याचा नायट्रोजन वायू करत आणि ग्रॅममागे ३.५७ अल्कॅलिनिटी परत मिळत असे. ३.५७ आधी मिळालेली, ३.५७ परत आलेली, ७.१४ खर्च: हिशेब बरोबर बसायचा. ज्या जुन्या डिफ्युझरना सगळे नावं ठेवत होते, त्यांच्या कमतरतेमुळेच पीएच टिकून होता. नवे बसवल्यावर हा परतावा बंद झाला, आणि राखीव ब्लोअर लावल्यावर उरलासुरला मार्गही मिटला.

वासाचं कोडंही इथेच सुटलं. एका उंच काचेच्या जारमध्ये गाळ घेऊन ठेवला. अर्ध्या तासात तो बऱ्यापैकी बसला. साधारण दोन तासांनी थराला आडवी भेग गेली आणि वरचा अर्धा भाग अख्खा उचलून पृष्ठभागावर आला. काचेच्या कांडीने टोचला की त्यातून बारीक बुडबुडे सुटायचे आणि तेवढा तुकडा पुन्हा बुडायचा. तो वायू नायट्रोजन होता: बसलेल्या गाळात ऑक्सिजन संपतो, पण नायट्रेट ढिगाने असतं, म्हणून तिथे डिनायट्रिफिकेशन, म्हणजे नायट्रेटचा नायट्रोजन वायू होणं, सुरू होतं आणि वायू गाळाला वर उचलतो. टाकीत हेच रोज डिकँटच्या वेळी होत होतं. वर आलेला थर काठाला साचायचा, वाळायचा, आतून कुजायचा, आणि वास त्याचा यायचा. खालच्या गाळाला कुजका वास अजिबात नव्हता. ऑपरेटर वरच्या थराचा वास घेऊन हवा वाढवत होते, हवेने नायट्रेट वाढत होतं, आणि नायट्रेटने थर आणखी वर येत होता.

काय केलं

चुना घालावा अशी सूचना आली. हिशेबाने रोज पंचवीस किलोच्या आसपास हायड्रेटेड चुना पुरला असता आणि पीएच नक्की सुधारला असता. पण नायट्रेट तसंच राहिलं असतं, किंबहुना वाढलं असतं, आणि गाळ तरंगणं थांबलं नसतं. शिवाय जी अल्कॅलिनिटी टाकीतच फुकट परत मिळू शकते ती विकत का घ्यायची? हवा कमी करून डीओ १ वर आणावा ही दुसरी सूचना. ती जास्त शहाणपणाची, पण गाळ ढवळत ठेवायला हजार घनमीटरमागे मिनिटाला २० ते ४० घनमीटर हवा लागते. या टाकीला १६ तरी हवीतच. म्हणजे ब्लोअर फारसा खाली आणता येत नाही. ढवळण्याची गरज इथे ऑक्सिजनच्या गरजेपेक्षा मोठी होती.

म्हणून राखीव ब्लोअर बंद केला आणि एकच ब्लोअर आलटून-पालटून चालवला. सुरुवातीला दोन तास हवा, चार तास बंद. टाकीत यांत्रिक ढवळणी नाही, त्यामुळे बंद काळात दर तासाला काही मिनिटं हवा सोडून गाळ हलवला. तेवढ्या हवेतला ऑक्सिजन लगेच वापरला जातो. तळाचे डिफ्युझर रबरी पडद्याचे असल्यामुळे हवा बंद असताना गाळ आत शिरत नाही. छिद्रांच्या उघड्या डिफ्युझरवर हा प्रयोग करण्यापूर्वी दहादा विचार करावा.

पहिल्या दिवसांत पीएच हलेना, आणि केंद्रावर अस्वस्थता होती. आम्ल वातावरणात डिनायट्रिफिकेशन मंद असतं, आणि अर्धवट राहिलं तर नायट्रस ऑक्साइड जास्त सुटतो. तो कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी पटींनी प्रखर हरितगृह वायू आहे, म्हणून हा टप्पा लांबू द्यायचा नव्हता. मध्येच नायट्राइट थोडं वर आलं, तेव्हा बंद काळ आणखी वाढवला. आठवडाभरात पीएच ६.४ झाला, त्यानंतर तो सातच्या जवळ आला आणि तिथेच राहिला.

वेळापत्रक मग घड्याळावर ठेवलं नाही. हवा चालू असताना पीएच घसरून ६.७ च्या खाली जायला लागला की हवा बंद. बंद काळात नायट्रेट ५ मिग्रॅ/लिपर्यंत उतरलं की हवा चालू. ही दुसरी सीमा फार महत्त्वाची. नायट्रेट पूर्ण संपलं की जंतू सल्फेटकडे वळतात आणि मग कुजक्या अंड्यांचा खरा वास सुरू होतो. नायट्रेटच्या पट्ट्या यासाठी पुरेशा अचूक असतात. सरासरी काढली तर हवा दिवसाचे बारा तास चालते.

डिकँट आता नायट्रेट उतरल्यावरच, बंद काळाच्या शेवटी करतात. जारमधला गाळ चार तास ठेवला तरी वर येत नाही. तरंगता थर काढून टाकला आणि तो पुन्हा जमला नाही. टाकी घट्ट व्हायला मात्र दोन महिने गेले, कारण गाळाचा साठा एका रात्रीत तयार होत नसतो. तेवढा काळ सेंट्रिफ्यूजकडे गाळ हात राखून सोडला. आता घन पदार्थ १.९ टक्के, गाळाचं वय सुमारे ३५ दिवस, बाहेरच्या गाळात सेंद्रिय भाग ६६-६७ टक्के, म्हणजे घट ३७ टक्के. एसओयूआर १.३ आहे. पूर्वीच्या ०.९ पेक्षा तो जास्त आहे आणि तरीही तोच चांगला आहे, हे वरिष्ठांना पटवून द्यायला एक पूर्ण बैठक लागली.

पॉलिमर उतरला, पण जुन्या पातळीवर गेला नाही. दीर्घ एरोबिक पचनात पेशींमधली प्रथिनं आणि पॉलिसॅकराइड पाण्यात सुटतात आणि ती पॉलिमर खातात. जास्त हवेने गुठळ्या घुसळून फुटल्या की हे आणखी वाढतं. एक ब्लोअर निम्मा वेळ चालतो म्हटल्यावर हा त्रास कमी व्हायला हवा आणि तो हळूहळू होतोय.

सुटलेलं नाही ते फॉस्फरसचं. पेशींच्या कोरड्या वजनात तो साधारण २ टक्के असतो, पचनात तोही सुटतो, आणि नायट्रोजनसारखा हवेत निघून जात नाही. डिकँटच्या पाण्यातून तो मुख्य प्रक्रियेकडे परत जातो आणि तिथे अंतिम पाण्यात वाढलेला दिसतो. पचन सुधारल्यावर हा भार वाढणारच होता. फेरिक क्लोराइडने तो खाली बसवता येईल, पण ते डायजेस्टरमध्ये घालायला आम्ही नकार दिला. फेरिक स्वतः अल्कॅलिनिटी खातं, आणि जी मिळवायला एवढा खटाटोप केला तीच पुन्हा गमावली असती. त्यामुळे डोस डिकँटच्या परतीच्या नळीवर द्यायचं ठरलं असून सध्या त्याच्या जार चाचण्या चालू आहेत.